हाक मारायचा तास

"हाताची घडी?" फळ्यावर पहिली रेघ ओढता ओढता शिवगंगाबाईंनी मागे न बघताच विचारलं.

"तोंडावर बोट!" पहिलीची सगळी पोरं ओरडली आणि गप्प झाली.

जूनपासून त्यांनी हेच तर शिकवलं होतं. चपला दाराबाहेर जोडीनं, पाण्याला रांगेनं, बाहेर जायचं तर करंगळी वर, बोलायचं तर हात वर. आणि अक्कोरूंनी, म्हणजे बाईंनी, नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला निम्मी पोरं रडत होती; एकजण तर खिडकीतून उडी टाकून घरी पळाला होता. आता गणपती होऊन गेले होते आणि वर्ग असा बसायचा की गदगहून कुणी साहेब आला, की हेडमास्तर हुळगेरी त्याला आधी पहिलीच दाखवत.

आत्ताही व्हरांड्यातून जाताना ते दारात थांबले.

"देवळात आल्यासारखं वाटतं हो अक्कोरे."

"बसतात शहाण्यासारखी," बाई न वळताच म्हणाल्या.

हेडमास्तर पुढे गेले. बाई भुईमुगाच्या शेंगांचं झाड काढत होत्या. पानं झाली, जमीन झाली, मग मुळांना एकेक शेंग लावायला त्यांनी घेतली. घाई नव्हती. खडूचा तेवढा आवाज वर्गात होता आणि तो त्यांना आवडत होता.

चित्र पुरं करून त्या वळल्या, तेव्हा दानम्माचा हात वर होता. एका हाताचं बोट ओठांवर, दुसरा हात कानाला चिकटून सरळ वर, शिकवला होता तस्सा. गालांवरून पाणी वाहत होतं.

"काय गं दानम्मा?"

"ईरण्णा," ती म्हणाली.

शेजारी ईरण्णा दोन्ही हातांनी गळा धरून बसला होता. तोंड उघडं, पण आवाज नाही. ओठ जांभळे पडले होते.

बाईंनी त्याला उचलून मांडीवर पालथा घातला आणि पाठीत तळहातानं जोरजोरात मारलं. पुन्हा मारलं. एक चिंचोका फरशीवर टणकन पडला. पोरानं श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. त्याला छातीशी धरून बाईंनी वर पाहिलं. सगळा वर्ग त्यांच्याकडे डोळे फाडून बघत होता. एकानंही तोंडावरचं बोट काढलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी दानम्माला जवळ बोलावलं.

"हात कधीपासून वर होता तुझा?"

"तुम्ही पहिली शेंग काढली ना, तेव्हापासून."

"मग ओरडली का नाहीस?"

दानम्मा गोंधळली. एवढा सोपा प्रश्न बाई का विचारतात, तिला कळेना.

"तुम्ही नाव कुठं घेतलं माझं?"

तिच्या फ्रॉकचं सुटलेलं बटण बाईंनी लावलं आणि तिला खेळायला पाठवलं.

शाळा सुटायच्या वेळी ईरण्णाची आई गौरव्वा शेतातून तशीच धावत आली. आली ती बाईंच्या पायांवरच वाकली.

"तुम्ही होता म्हणून पोर हाती लागलं, अक्कोरे."

बाईंनी पाय मागे घेतले. "पाया नको पडू बाई. मला दिसलंच नव्हतं. माझी पाठ होती."

"पाठीमागचं कुणाला दिसतंय?" डोळे पुसत गौरव्वा म्हणाली, आणि पोराला कडेवर घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर बाई म्हणाल्या, "आज हाक मारायला शिकायचं."

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"कुणाला लागलं, कुणी पडलं, विंचू दिसला, तर हात वर करायचा नाही. नावाची वाट बघायची नाही. ओरडायचं. मी पाठ करते, तुम्ही मला वळवा."

त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पोरांची बोटं आपोआप तोंडावर गेली. मग ईरण्णाचाच घोगरा आवाज आला, "अक्कोरे!" त्या वळल्या. पोरं हसली, आणि मग जो गलका उठला त्यानं हेडमास्तर हातात पेन घेऊनच धावत आले.

"काय झालं? काय झालं?"

"तास चाललाय, सर."

"कसला?"

"ओरडायचा."

"अहो, एवढ्या कष्टानं बसवलंत त्यांना!"

"परत बसवीन. पण आधी हे."

दानम्मा तेवढी ओरडली नाही. तिचे ओठ हलत होते. बाईंनी तिला भरीस घातलं नाही.

पुढे वर्ग काही देवळासारखा राहिला नाही. "अक्कोरे, यानं माझी पाटी चाटली!" "अक्कोरे, कावळा!" बाई दर वेळी वळत, बघत, आणि पुन्हा फळ्याकडे जात. हेडमास्तर पाहुण्यांना आता तिसरीचा वर्ग दाखवू लागले.

दिवाळी तोंडावर आलेली. एका दुपारी बाई बेरजा लिहीत होत्या. मागून बारीक आवाज आला.

"अक्कोरे."

बाई गर्रकन वळल्या. खडू हातातून सुटला. दानम्मा उभी होती. दोन्ही हात खाली.

"काय झालं गं? कुणाला काय झालं?"

"काही नाही," दानम्मा म्हणाली. "तुम्ही वळता का बघितलं."

"वळले ना?"

"हो," ती म्हणाली, आणि खाली बसून बेरजा उतरवू लागली.