बारा शून्यं

मसाकाच्या इस्पितळात नासोलो सिस्टरची वही नावाजलेली. खाडाखोड नाही, गिचमीड नाही. गर्भपिशवी काढलेल्या बायकांना दुखू नये म्हणून दोन प्रकारच्या इंजेक्शनांपैकी एक देत. त्यातलं कुठलं जास्त त्रास देतं, हे डॉक्टर किगोझी ताडून पाहत होते. मळमळ, खाज, गुंगी हे रकाने रोज सकाळी नासोलोनं भरायचे. दुसऱ्या इंजेक्शनाच्या खाजेच्या रकान्यात ओळीनं बारा शून्यं.

"गुणी औषध दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "सोमवारपासून सगळ्यांना हेच."

नासोलोची मान दोन बोटं उंच झाली. त्या उंचीवरूनच तिला सात नंबरची खाट दिसली. जुळ्यांची आई, म्हणून सगळे जिला नालोंगो म्हणत, ती कंगव्यानं मान खरवडत होती. मानेवर लाल वळ.

"अहो नालोंगो, काल विचारलं तर 'बरं आहे' म्हणालात ना?"

"विचारलंस कुठं, पोरी? 'रात्र कशी गेली' म्हणालीस. त्याला 'बरी गेली'च म्हणायचं असतं. खुशाली विचारली की खाज दाखवायची, इतकी मी बिनवळणाची वाटले?" मग आवाज खाली आणून, "शिवाय सासू उशाशी. कुठला रोग आणला म्हणून गावभर केलं असतं तिनं."

शेजारची बाई टाके धरून हसली. "मलापण खाजतंय. पण सिस्टरचं पेन आमच्या तोंडाच्या आधी पळतं!"

नासोलोचे कान तापले. कारण पेन खरंच आधी पळत होतं. तिथल्या रीतीप्रमाणं गुडघे टेकून खुशाली विचारायची, उत्तर येईतो शून्य काढून मोकळं.

बाराजणींतल्या पाच घरी गेल्या होत्या; त्यांना आता कोण विचारणार? उरलेल्या सातांत सहाजणींना खाज.

आजपासून गुपचूप खरं लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण सोमवारपासून तेच औषध सगळ्यांना मिळणार होतं.

"डॉक्टर, ती शून्यं बायकांची नाहीत. माझी आहेत."

किगोझींच्या मागं उभ्या शिकाऊ डॉक्टरांनी माना वळवून तिच्याकडं पाहिलं. किगोझी रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "सोमवार राहू दे," एवढंच म्हणाले आणि वही तिच्यापुढं सरकवली. चूक रेघ मारून खोडायची, शेजारी पूर्ण सही करायची, असा नियम. तिनं बारा वेळा स्वतःचं नाव लिहिलं.

दुसऱ्या सकाळी तिनं सगळी खुशाली यथासांग विचारली, मग स्टूल ओढून बसली.

"आता विचारते, नालोंगो."

"विचार. पण आधी ते पेन खाली ठेव."