डाव्या हाताचं फडताळ

रंगारी नवं घर पाहून आला आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोला सवत आली.

सवत दोन खोल्यांची होती. उजेडाची होती. तिच्या खिडकीतून म्हणे सकाळ थेट उशाशी येई. देशाच्या दुसऱ्या टोकाला, आगगाडीचे डबे रंगवणाऱ्या कारखान्यात रंगाऱ्याला मुकादमाची जागा मिळाली होती. कारखाना बघायला गेला तो घरही पक्कं करून आला. तेव्हापासून उठता-बसता तिचंच कौतुक. इथला नळ गळला की, "तिथला नळ बघ, टिपूस नाही." इथलं दार कुरकुरलं की, "तिथलं दार मांजराच्या पावलानं लागतं."

बायको शिवणकाम करायची. ती उलट बोलायची नाही. पायाखाली यंत्र आणि ओठांत ओवी, दोन्ही एका चालीत:

नव्या घराचं गं बाई, किती सांगावं कौतुक
जुन्या घराला लागली, उंबऱ्याशी धाकधुक

सामान बांधायला रंगाऱ्याची बहीण आली होती. कपबशा रद्दीत गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "दादा, घराचं एवढं गातोस, घरमालकिणीचं काही सांगत नाहीस. कशी आहे रे?"

"चांगली आहे. हसतमुख."

यंत्र थांबलं.

"हसतमुख म्हणजे?" बायको म्हणाली. "कशाला हसली?"

"असंच. माणसं हसतात."

"घर दाखवताना? घरात हसण्यासारखं काय होतं?"

रंगाऱ्याने सुतळी दातांत धरली आणि उत्तर तिथेच अडकवलं. बहीण कपबशीच्या आड हसली. "वहिनी, दादाला सांभाळा हं. हा घर रंगवायला जातो आणि तिथंच राहतो. तुम्हाला अनुभव आहे."

ते खरंच होतं. हे घर रंगवायलाच तो प्रथम आला होता. तेव्हा ती विधवा होती आणि घर सुताराचं होतं. सुतार, तिचा पहिला नवरा, तापाने गेला, पण जाण्याआधी त्याने घराला आतून लाकडाचं अस्तर लावून ठेवलं होतं. भिंतीतली फळी, ओट्यावरचं फडताळ, खिडकीची चौकट, सगळं त्याच्या हातचं. आणि तो डावरा. म्हणून दाराच्या मुठी डाव्या अंगाला, खुंट्या डाव्या अंगाला, पळ्या टांगायचे आकडे शेगडीच्या डावीकडे. नवा माणूस या स्वयंपाकघरात आला की कोपर आपटून घ्यायचा.

रंगाऱ्यानेही सुरुवातीला पुष्कळ आपटून घेतलं. तक्रार केली नाही. दर वर्षी तो फडताळाला नवा रंग द्यायचा. हिरवा दिला, पिवळा दिला, निळा दिला. शेजारणी म्हणत, हौशी आहे हो तुमचा नवरा. हौस कसली! त्याला ते लाकूड दिसू नये एवढंच हवं होतं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, त्याला फक्त रंगवता येतं.

आणखी एक काटा होता. सुतार तिच्या गल्लीतलाच, लहानपणापासूनचा. त्याला ती "अरे" म्हणायची. रंगाऱ्याला पहिल्या दिवसापासून "अहो". मान होता त्यात. पण पाहुण्याला देतात तसा.

बहीण पेट्या बांधून घरी गेली. दुपार कलंडली. उघड्या भिंतींवर जिथे तिथे वस्तूंच्या जागा उरल्या होत्या. बायको ओट्याशी उभी राहिली आणि तिने फडताळावरून हात फिरवला.

"हे काढा आता. गोधडीत गुंडाळू."

"ते नाही यायचं."

"का?"

"ट्रकमध्ये जागा नाही."

"माझ्या यंत्राला जागा आहे, तुमच्या शिडीला आहे. मोडक्या पंख्यालासुद्धा आहे."

"तिथं फडताळ आहे ना! नवंकोरं. उगाच दुसऱ्याची लाकडं कशाला वाहायची देशभर?"

'दुसऱ्याची' शब्द ओट्यावर पडला आणि तिथेच राहिला. ती म्हणाली, "म्हणून इतक्या लांबचं घर बघितलंत?"

"हो," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच म्हणाला. "मला एक घर असं हवंय, जिथं मी पहिला असेन. तिथं कुणी तुझ्या उंचीचं माप घेऊन फळी ठोकलेली नाही. इथं मी पाणी प्यायला उठलो तरी तो मला पेला देतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आले की ती कामाला लागायची. तिने शिवणाच्या डब्यातला खडू काढून त्याच्यापुढे धरला.

"माप घेतल्याशिवाय मी कापड कापत नाही. काढा तुमची ती लाडकी. इथं, फरशीवर. बघू तरी काय आहे तिच्यात, जे माझ्या घरात नाही."

रंगारी खुशीने गुडघ्यांवर बसला. चांगला हात होता त्याचा. झरझर भिंती उठल्या, खिडकी आली, उजेडाच्या तिरक्या रेघासुद्धा आल्या. "हा ओटा. ही शेगडी. हे पळ्यांचे आकडे. हे बघ फडताळ, दोन दारांचं. ही मूठ, ही मूठ. हे बाहेरचं दार, ही त्याची कडी."

ती कमरेवर हात ठेवून बघत होती. बघता बघता खाली बसली.

"तिथंही कुणी डावराच राहत होता का हो?"

"छे! का?"

"मग आकडे शेगडीच्या डावीकडे कसे? मुठी डावीकडे कशा? फडताळाच्या दोन्ही दारांच्या मुठी एकाच अंगाला? हे तर आपलंच घर काढलंत तुम्ही. खिडकी तेवढी मोठी केलीत."

रंगाऱ्याने फरशीकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, जणू खिसेकापू पकडला होता. खडू त्याच्या बोटांत तसाच होता.

"तरीच," तो पुटपुटला.

"तरीच काय?"

"तरीच ती हसली. घरमालकीण. म्हणाली, फडताळ उघडून बघा. मी डावा हात घातला, डावीकडे मूठ शोधत राहिलो. भिंत चाचपतोय, बिजागरी ओढतोय, दार काही उघडेना. म्हणाली, अहो पाहुणे, इकडून!"

बायको हसली नसती, पण 'पाहुणे'ला तिला राहवलं नाही. हसता हसता पदर तोंडाला लावला. तो हसला नाही.

"बघितलंस? माझा हातसुद्धा माझा ठेवला नाही त्यानं."

ती थांबली. मग हळूच म्हणाली, "राहू द्या ते फडताळ इथंच. मला नको. जो यायचा तो तुमच्या हातातून येतोच आहे."

हे ऐकून रंगाऱ्याला बरं वाटायला हवं होतं. उलट तो अधिकच भडकला. तरातरा उठला, पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि फडताळाला भिडला.

"आता काय करताय?"

"काढतोय. लपूनछपून हातातून यायचा, त्यापेक्षा उघड येऊ दे. समोर तरी असेल. चार शब्द सुनावता येतील."

बिजागरीपाशी रंग इतका साचला होता की स्क्रूची खाच सापडेना. त्याने खरवडलं. निळ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली हिरवा, त्याखाली आणखी एक, जो तो विसरूनही गेला होता. तिने नखाने त्या थरांची कड चाचपली, कापडाचा पोत बघावा तशी.

"म्हणून दार घट्ट बसतं होय! दर वेळी मला दोन हातांनी ओढावं लागायचं. लाकूड त्याचं असेल, पण यातली निम्मी जाडी तुमची आहे."

खरवडणं थांबलं, आणि पुढचे स्क्रू, भिंतीतलेसुद्धा, त्याने जपून काढले, रंग उडणार नाही अशा बेताने.

शेवटचा स्क्रू सुटला तसं फडताळ भिंतीवरून झुकलं. सगळा भार त्याच्या एका खांद्यावर आला. ती धावली.

"अरे, हळू! बोट सापडेल तुझं!"

दोघांनीही ते ऐकलं. दोघांनीही फडताळ धरलेलं होतं, त्यामुळे कुणाला कुणाकडे बघता आलं नाही.

"तिकडून धर," रंगारी म्हणाला. "डावीकडून."