चंद्रीच्या रक्ताची काच

जोहे गावात पोपटशेठांच्या कारखान्यातल्या गणपतींना मागणी होती ती डोळ्यांसाठी. लहान मूर्तींच्या डोळ्यांची आखणी ते सुनेला करू देत. मोठ्या मूर्तीचे डोळे मात्र स्वतःच आखत. त्या कुंचल्याला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नसे.

सून दिशा निडी गावची, भातशेतीवाल्यांची लेक. हात स्थिर, पण वेड गुरांचं. गावातल्या गुरांवर प्रथमोपचार करणाऱ्या पशुसखीचं प्रशिक्षण घेतल्यापासून तर विचारूच नका. "डोळे आखायचे सोडून गुरांचे कान टोचीत फिरते," असं पोपटशेठ चारचौघांत म्हणत.

आणि ऐन श्रावणात त्यांचीच चंद्री आजारी पडली. संकरित गाय, पोपटशेठांचा जीव की प्राण. तीन दिवस ताप, चाऱ्याला तोंड नाही, खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या. तापाचं इंजेक्शन देऊन झालं, पण उतार पडेना.

"बाबा, ह्यो गोचीड ताप हाय," दिशा म्हणाली.

"माझ्या गायीवर एक गोचीड दाखव. रोज सकाळी वेचून काढतो मी."

"आनि टाकता कुठं?"

पोपटशेठांची नजर भिंतीकडे गेली. वेचलेले गोचीड ते गोठ्याच्या भिंतीशीच फेकत. दिशाने भिंतीच्या भेगेत काडी फिरवली, तर ओंजळभर गोचीड खाली पडले.

तिने रामवाडीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. दवाखान्यात रांग होती, त्यांना संध्याकाळशिवाय निघता येणार नव्हतं. ते म्हणाले, "तोवर रक्ताची काच पाठवा. जंतू दिसला की नेमकं औषध घेऊन येतो. पण थर पातळ हवा. जाड झाला तर काही कळणार नाही."

दिशाने चंद्रीच्या कानाची शीर टोचली, काचेवर थेंब घेतला, दुसरी काच तिरपी टेकवली आणि श्वास रोखून एका दमात सरकवली. पोपटशेठ बघतच राहिले. गणपतीची भुवई अशीच ओढायची असते, मध्ये थांबायचं नाही. त्यांनीच शिकवलं होतं.

काच कुंचल्यांच्या डबीत ठेवून ते स्वतः एसटीने गेले. डॉक्टरांनी ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"तांबड्या पेशींतच जंतू बसलेत. गोचीड तापच. काच केली कोणी? इतकी स्वच्छ आमच्याकडेही रोज होत नाही."

पोपटशेठांची छाती वीतभर फुगली. "आमच्या सुनेनं. माझ्याच हाताखाली तयार झालीय." मग जरा थांबून म्हणाले, "हात माझा असंल, पन अक्कल तिची. मी तर घरातच गोचीड पाळले व्हते."

त्याच संध्याकाळी नेमकं इंजेक्शन मिळालं. तिसऱ्या दिवशी चंद्रीने वैरणीला तोंड लावलं. पोपटशेठांनी कारखान्यातलं प्लास्टर कालवून गोठ्याची एकूण एक भेग बुजवली, दिशाने कानाकोपऱ्यात फवारणी केली. वेचलेले गोचीड आता घासलेटाच्या डब्यात जातात. ही हकिगत पोपटशेठांनी नाक्यावर इतक्यांदा सांगितली, की ते दिसले की लोक वाट बदलू लागले.

आठवड्याने मंडळाच्या मोठ्या मूर्तीचे डोळे आखायचे होते. कारागीर हातातलं काम सोडून उभे राहिले. पोपटशेठांनी कुंचला पुसला आणि दिशापुढे धरला.

"घे गो. पन आधी हात धू, शेणाचे असतील."

दिशाने हात दोनदा धुतले.