वरून म्हणजे कुठून?

शाळेतून आलेल्या लेकीचं दप्तर उघडलं की आईला दिवसाची हकिकत न सांगता कळते. त्या दिवशी हाती लागली ती पाण्याची बाटली. सकाळी भरून दिलेली, तशीच काठोकाठ भरलेली.

"पाणी का नाही प्यायलीस गं?"

मुलगी गप्प. आणि ही गप्प बसणारी मुलगी नव्हे! घरात तिला सगळे टकळी म्हणत, ते उगाच नाही. पायांत बळ कमी म्हणून ती कुबड्या घेऊन चाले, पण जिभेला कुबडी कधी लागली नव्हती.

"पाणी प्यायलं की खाली जावं लागतं," ती शेवटी म्हणाली. "बाथरूम खाली आहे. मी जिना उतरायला लागले की सगळे थांबून बघतात."

आईने भरलेली बाटली ओट्यावर ठेवली. टकळीचा वर्ग आजवर तळमजल्यावर होता. सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा तो वरच्या मजल्यावर गेला होता आणि खालच्या खोलीत बाकांचा ढीग रचून कुलूप घातलं होतं. आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसे. सकाळी मुलीला उचलून वर पोचवायचं आणि धापा टाकत कामावर पळायचं, असं चाललं होतं. पण दिवसभर तिला कोण उचलणार?

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. "मलाही बरं वाटत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण वरून आदेश आहे, मी काय करणार? नाहीतर गावाबाहेर अशा मुलांची वेगळी शाळा आहे, तिचा विचार करून बघा."

शाळा मंडळातर्फे शाळांवर देखरेख करणारे पर्यवेक्षकही म्हणाले, वरून आदेश आहे. शाळा मंडळाच्या कार्यालयात फोन केला, तर तिथल्या बाईंनीही तेच सांगितलं, "वरून आलंय." मंडळी, हा शब्द आपण सगळेच रोज ऐकतो. पाऊस जसा वरून येतो तसे आदेशही वरूनच येतात, असं धरून आपण छत्री उघडतो आणि मुकाट चालू लागतो!

या आईने चालू लागायचं नाकारलं. सरकारी कार्यालयातले कागद कुणालाही मागता येतात, असं तिने ऐकलं होतं. तिने चांगला तीन पानी अर्ज लिहिला. लिहिताना रडली, आणि तो स्वतः मंडळाच्या कार्यालयात नेऊन दिला. काही दिवसांनी उत्तर आलं. 'अर्जात प्रश्न विचारले असून कोणत्याही अभिलेखाची मागणी केलेली नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

"बघितलंस?" नवरा म्हणाला. त्याचं वह्या-पेनांचं दुकान शाळेच्या फाटकासमोरच होतं, पण एकटाच असल्यामुळे ते सोडून त्याला उठता येत नसे. "सगळे एका माळेचे मणी. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेतेस?"

"मग लेकीने तहानलेलं राहायचं?"

भांडण चांगलं रंगात आलं होतं आणि नवऱ्याची मोठी बहीण दारात उभी राहिली. नणंद आली म्हणजे आगीत तेल, असा आपला समज असतो. ही नणंद मात्र वेगळ्याच मातीची. नगरपालिकेच्या आवक-जावक खिडकीमागे उभी हयात घालवून ती निवृत्त झाली होती. टकळीची टकळी कुणाकडून आली, हे तिचं बोलणं ऐकलं की कळायचं. तिने अर्जाची तिन्ही पानं वाचली. आधी डोळे पुसले, मग हसायला लागली.

"हसता काय ताई?"

"अगं, काय सुंदर लिहिलंयस! मला रडू आलं. पण हा अर्ज नव्हे, हे पत्र झालं. का हलवलं, का विचारलं नाही, का दया येत नाही, ओळीओळीत 'का'! कपाटात 'का' ठेवलेला नसतो गं, कागद असतो. रागाची झेरॉक्स कोण काढून देणार?"

"मग मागू तरी काय?"

"आदेश आहे म्हणतात ना सगळे? मग आदेशच माग. ज्या आदेशाने वर्ग वर नेला, त्याची प्रत द्या. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच. 'का' विचारलं की माणूस खांदे उडवतो. 'प्रत द्या' म्हटलं की त्याला खुर्चीतून उठून कपाट उघडावं लागतं."

नवरा कुरकुरला. "ताई, माझं दुकान आहे तिथे. उद्या शाळेने मुलांना सांगितलं, त्यांच्याकडून वह्या घेऊ नका, तर?"

"अरे, कागद मागणं म्हणजे शिवी देणं नव्हे!" ताई जरा कडक झाली. "शाळा आपली, मंडळ आपलं, मग तिथला कागद काय परक्याचा? आणि एक ऐक. मी आयुष्यभर त्या खिडकीच्या आत बसलेय. विचारणारं कुणी नसलं की तोंडी कारभार फोफावतो. विचारणारा आला, की आतल्या सरळ माणसालाही बळ येतं. तो आपला शत्रू नसतो रे."

नवऱ्याला ते काही पटलं नाही. नवा अर्ज एका वाक्याचा झाला. आईला तो फारच कोरडा वाटला. त्यात लेकीचं नावसुद्धा नव्हतं.

उत्तराचं पाकीट आलं ते नवऱ्याच्या दुकानात. तो ते घेऊन घरी आला आणि दोघांनी मिळून वाचलं. 'सदर वर्गाच्या स्थलांतराबाबत कोणताही ठराव अथवा आदेश या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.'

आईने कागद बाजूला सारला. "नाही म्हणाले. गेलं सगळं. काढू तिचं नाव शाळेतून."

नवऱ्याने 'सांगत होतो' असं म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्याने ताईला फोन लावला आणि ते वाक्य वाचून दाखवलं.

"परत वाच," ताई म्हणाली. "आढळून येत नाही? अगदी असंच लिहिलंय? सही-शिक्का आहे?"

"आहे."

पलीकडून असं हसू फुटलं की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अरे वेड्यांनो, जिंकलात! आदेश सापडत नाही म्हणजे आदेश नाहीच! वर कुणी नाही रे, वर नुसतं छप्पर आहे!"

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघंही मुख्याध्यापिकांसमोर बसले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि पर्यवेक्षकांना बोलावून घेतलं. हळूहळू उलगडा झाला. नवे बाक आले, ते ठेवायला जागा नव्हती. मंडळातलं कुणीतरी फोनवर म्हणालं, "खालची एखादी खोली मिळते का बघा." पर्यवेक्षकांनी शाळेला सांगितलं, "खालची खोली रिकामी करा." आणि मुख्याध्यापिकांनी पालकांना सांगितलं, "आदेश आहे." एका 'बघा'चा 'करा' झाला, 'करा'चा आदेश झाला, आणि त्या आदेशापायी एक लहान मुलगी दिवसभर तहानलेली राहू लागली!

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. "गणिताच्या तासाला मी मुलांना सांगते, नुसतं उत्तर नको, रीत दाखवा. आणि मी स्वतः रीत न बघता उत्तर मांडलं!" त्या उठल्या, जिना चढून वर्गात गेल्या आणि सगळ्या मुलांसमोर टकळीला म्हणाल्या, "बाळ, माझं चुकलं." मोठ्या माणसाला हे तीन शब्द किती जड जातात! त्यांनी ते उच्चारले, म्हणून त्या आपल्या आदराला पात्र आहेत.

खोली त्याच दिवशी उघडली. बाक हलवायला माणसं कमी पडली, तेव्हा नवऱ्याने दुकानाचं शटर ओढलं आणि बाह्या सरसावून पहिला बाक उचलला. माशाशी वैर वगैरे तो विसरून गेला होता.

आई मात्र मंडळाच्या कार्यालयात गेली. ज्या कारकुनाची उत्तरावर सही होती, तो खिडकीमागेच बसला होता.

"तुमचे आभार मानायला आले."

"आभार? या खिडकीवर?" तो दचकलाच. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मी फार काही केलं नाही हो बाई. तुमचा अर्ज आल्यावर मला सांगण्यात आलं, मागची तारीख घालून एक आदेश तयार करून ठेवा."

"कुणी सांगितलं?"

"वरून," तो हसला. "मी म्हटलं, मग तसं लेखी द्या. कुणी दिलं नाही. म्हणून जे नव्हतं, ते नाही असं लिहिलं."

आईने त्याला मनापासून हात जोडले. सगळे एका माळेचे मणी, हे आपल्या घरात किती सहज बोललं गेलं होतं, ते तिला आठवलं.

बंधू-भगिनींनो, आपला हक्क मागायला आवाज चढवावा लागत नाही, नेमकं मागावं लागतं. 'वरून आलंय' असं कुणी म्हणालं, तर नम्रपणे म्हणा, "प्रत द्या." कारण बाहेरून एका नागरिकाने कागद मागितला, तरच आतला एक माणूस खोटा कागद करायला नाही म्हणू शकतो.