कोणी किती वाचलं

कारखान्याच्या ऑफिसातले कागद बंद करायचं ठरलं आणि टॅब्लेट निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे, खोटं कशाला बोलू, मीच गळा पुढे केला. मी इथला उपव्यवस्थापक. पण वस्तू पारखायला मिळाली की मला चेव येतो. घरी साधा पंखा घ्यायचा असला तरी मी दुकानदाराला घाम फोडतो.

तीन कंपन्यांनी तीन टॅब्लेट वापरून बघायला दिले. मोठे साहेब, अकाउंट्सच्या मॅडम आणि मी, अशा तिघांत ते महिनाभर फिरले. ऑफिसच्या सगळ्या फायली तिन्हींत घातलेल्या, ज्याने त्याने आपापल्या नावाने उघडायच्या. पहिला हलका, पण त्यात तक्त्याचे रकाने एकमेकांच्या अंगावर चढायचे. दुसऱ्याचं अक्षर झकास, पण खिडकीपाशी बसलं की फायलीऐवजी स्वतःचंच थोबाड दिसायचं. तिसरा चांगलाच जड, पण हुशार. फाइल जिथे सोडली तिथेच पुन्हा उघडायचा, आणि कडेला कोण कुठल्या पानापर्यंत पोचलंय ते नावानिशी दाखवायचा. मी तर त्याच्यावर फिदाच झालो. म्हटलं, आता बघतो एकेकाला, न वाचता सह्या कशा ठोकतात ते!

त्याच महिन्यात पाळणाघराचा विषय निघाला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांची मुलं तिथे असतात आणि ते चालवतात माझ्या वहिनी, थोरल्या भावाची बायको. साहेबांना ती खोली मालाचे नमुने मांडायला हवी होती. पाळणाघर का राहावं हे वहिनींनी बावीस पानांत लिहून दिलं आणि आम्हा तिघांना मत द्यायला सांगितलं गेलं. साहेबांचं मत ठरलेलंच. मॅडमनी लिहिलं, 'उपव्यवस्थापक म्हणतील तसं.' म्हणजे सगळं येऊन पडलं माझ्यावर. मी लिहिलं, 'वाचले. मुद्दे भावनिक आहेत. असहमत.' भावजयीची बाजू घेतली म्हणून उद्या कोणी नाक वर करून बोलायला नको, आणि हा माणूस नात्यागोत्याला भीक घालत नाही हेही एकदा सगळ्यांना कळू दे, एवढाच माझा हिशेब. पाळणाघर सोमवारपासून बंद, असा आदेश निघाला.

बुधवारी रात्री भावाकडे जेवायला गेलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "भाऊजी, वाचलंत ना सगळं?"

"अक्षर न् अक्षर, वहिनी. पण काय आहे, ऑफिस ते ऑफिस."

त्यांनी मान हलवली आणि पाणी आणायला आत गेल्या.

शुक्रवारी टॅब्लेटची बैठक होती. सगळे विभागप्रमुख आले होते, म्हणून वहिनीही होत्या. मी तिसरा टॅब्लेट भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला आणि तोऱ्यात म्हणालो, "आता खरी गंमत बघा. कोणी किती वाचलं ते हा लपू देत नाही." दाखवायला लांबलचक फाइल हवी होती. यादीत सगळ्यांत मोठी दिसली तिच्यावर बोट टेकवलं. तिचं नाव वाचायची तसदी मी तेव्हाही घेतली नाही.

उघडली ती पाळणाघराची फाइल. कडेला नावं आली. मोठे साहेब: उघडली नाही. अकाउंट्स: पान १. उपव्यवस्थापक: पान २. आणि खाली जाड अक्षरात माझा शेरा, 'वाचले.'

कोणीतरी खोकलं. मॅडम म्हणाल्या, "मी बहुतेक दुसऱ्या टॅब्लेटवर वाचली असेल." मी फाइल बंद करायला गेलो तर बोट भलतीकडेच पडलं आणि अक्षरं आणखी मोठी झाली.

"भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "नववं पान काढता का?"

काढलं. मनातल्या मनात वाचून काय उपयोग, भिंतभर अक्षरं सगळ्यांसमोरच होती. 'उपव्यवस्थापक माझे दीर आहेत. ते हो म्हणाले तर त्यांना बोल लागेल, नाही म्हणाले तर घरात अवघडल्यासारखे होईल. म्हणून या बाबतीत त्यांचे मत घेऊ नये, ही विनंती.'

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. ज्या बोलाच्या भीतीने मी त्यांच्या पोटावर पाय दिला, तो मला लागू नये याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. आणि ते कळायला मला फक्त सात पानं उलटायची होती.

साहेबांनी घसा साफ केला. "टॅब्लेट चांगलाय हो. पण हे कोणी किती वाचलं ते दाखवणं बंद करता येतं का?"

"येतं," मी म्हणालो. हेही माझ्याच तोंडून निघालं.

"मग हाच घेऊ."

कोणी हरकत घेतली नाही. वहिनी उठल्या, मुलं झोपेतून उठायची वेळ झाली होती. त्या दारापाशी पोचल्या तेव्हा कुठे माझी दातखीळ सुटली.

"साहेब, माझं मत रद्द करा. मी ही फाइल वाचलेली नाही. वाचले असं खोटं लिहिलं मी."

साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "अहो, आदेश निघालाय. असं करू, विषय पुढच्या बैठकीत घेऊ. महिनाअखेरीला आहेच ती."

मी मोठं काहीतरी मिळवल्यासारखं वहिनींकडे पाहिलं. लाज वाटते सांगायला, पण त्या हसतील अशी मला आशा होती.

"आणि तोपर्यंत सोमवारी येणारी मुलं कुठे ठेवू, भाऊजी?" त्यांनी विचारलं.

साहेब तिथेच बसले होते, पण प्रश्न मला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी पडद्याला जोडलेली वायर सोडवायला लागलो. वहिनी दार हळूच लावून घेऊन मुलांकडे गेल्या.