दार वाजवणारं यंत्र

माझ्या सासऱ्यांची उभी हयात खरोखरच उभ्यानं गेली. ते एका मोठ्या हॉटेलचे दरवान होते. निवृत्त झाले, पण टकटक ऐकली की हातातला घास ताटात टाकून "आलो, आलो!" म्हणत धावायची खोड गेली नाही. माझ्यासाठीही धावतात, पण कडी काढायच्या आधी चौकशी होते.

"कोण?"

"मी, जावई."

"कुणाचा?"

"तुमचा."

मग एक लांबलचक उसासा येतो आणि कडी निघते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं शाळेत जायला लागली, तरी हे चालूच. कारण एवढंच, की लग्नाआधी त्यांच्या मुलीला भेटायला मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं शिरलो होतो आणि सापडलो होतो. दरवानाच्या घरात मागच्या दारानं! त्यापेक्षा त्यांना चोर परवडला असता.

गेल्या महिन्यात बोलता बोलता त्यांची जीभ अडखळली आणि हातातला कप निसटला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला रक्त नेणाऱ्या एका नळीत अडथळा असावा. एमआरआयवर रक्त कुठून कसं वाहतंय ते दिसेल, सुईसुद्धा टोचावी लागणार नाही. मात्र चित्र नीट आलं नाही, तर मांडीतून तार घालून थेट मानेपर्यंत न्यावी लागेल. सासऱ्यांच्या हृदयाला ना ती तार झेपणार होती, ना गुंगीचं औषध.

"डोकं हलवायचं नाही, बस्स," यंत्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या.

सासरे आत सरकले. तोंडावर प्लास्टिकचा पिंजरा, त्यावर बाहेरचं दिसावं म्हणून छोटा आरसा. यंत्र सुरू झालं. ठक, ठक, ठक.

"आलो, आलो!" कपाळ पिंजऱ्यावर आपटलं.

"आजोबा, ते दार नाही, यंत्राचा आवाज आहे."

"बाई, यंत्र असो की मंत्री, दार वाजलं की उघडायचं."

दुसऱ्यांदा त्यांनी ठकठक कशीबशी सोसली. पण यंत्रानं धर्रर्र केलं, तसे "हे घाईत दिसतात!" म्हणत पुन्हा उठायला गेले. पडद्यावर बघितलं, तर ओल्या पाटीवर कुणीतरी हात फिरवावा तसं सगळं फरकटलेलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. "आता शेवटचं. नाहीतर तार."

मला खरंच भीती वाटली. वैतागलोही होतो, पण भीती जास्त. मी यंत्राच्या खोलीच्या दारातूनच म्हणालो, "बाबा, जरा ऐका ना!"

"दारावर माणूस नसताना मी आडवा कसा पडू?"

"मी राहतो उभा."

चिखलाचे बूट घालून गालिच्यावर येणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्ही?"

"दुसरं आहे कोण इथं?"

"मग टोपी घाला!" त्यांनी बजावलं. बाहेर कपड्यांबरोबर खुर्चीवर ठेवलेली त्यांची जुनी दरवानाची टोपी माझ्या डोक्यावर आली. बाईंनी टोपीचा पितळी बिल्ला काढून घेतला, मग माझ्या किल्ल्या, फोन आणि पट्टाही. कानात बोळे घालून मी आरशात दिसेन अशा बेतानं त्यांच्या पायांशी उभा राहिलो. एका हातानं पँट धरली होती.

ठक, ठक.

"कोण?" मी ओरडलो.

"'कोण' घरी. इथं 'नमस्कार' म्हणायचं!" पिंजऱ्यातून हुकूम आला.

"आजोबा, बोलू नका!" भोंग्यातून बाई खेकसल्या. यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

ठक, ठक. "नमस्कार. साहेब आराम करताहेत, नंतर या." ठक, ठक, ठक. "नमस्कार. आपण मघाशीच येऊन गेलात ना?" धर्रर्र! "अहो, ढकलाढकली कशाला? रांगेत या!" काचेपलीकडे बाई हसून हसून टेबलावर पडल्या होत्या आणि डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, की पुढचा नंबर माझाच लावणार. मी मात्र गंभीर होतो. आरशात दोन डोळे माझ्यावर रोखलेले होते, आणि डोकं जागचं हललं नव्हतं.

चित्र स्वच्छ आलं.

"पुढची मोठी नळी जवळपास बंद आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मागच्या नळ्यांमधून रक्त वळसा घालून पुढं येतंय, आणि चांगलं भरपूर येतंय. म्हणून तर हे हिंडूफिरू शकतात. तार नको, सध्या गोळ्यांवर भागेल."

सासरे ताठ झाले. "मागून येतंय? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. पुढचं बंद होत गेलं, तसं मागचं उघडत गेलं."

"कधीपासून?"

"झाली असतील बरीच वर्षं."

"आणि मला पत्ता नाही," सासरे पुटपुटले.

घरी पोचल्यावर मी सवयीनं पुढच्या दाराकडे निघालो. सासऱ्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या डोक्यावर नीट बसवली, माझा दंड धरला आणि भिंतीच्या कडेकडेनं मला घराच्या मागे नेलं. स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी टकटक केली.

आत भांडं पडलं. "मागच्या दारानं कोण?" सासूबाई ओरडल्या.

"जावई," सासरे म्हणाले.

मग सासूबाईंचा आवाज आला, "कुणाचा?"

"आपला," सासरे म्हणाले. "काढ कडी."