धाकटा परत येतो का?

उन्हाळ्यात दुपारची जेवणं उरकली की यशोधरा पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि तिचा नवरा सहादेव कूलरसमोर आडवा पडून ऐकायचा. बेलापुरातल्या त्यांच्या घरात वर्षानुवर्षं हेच चाललेलं. पुस्तकं जुनी, गाजलेली, जाडजूड. "नवी कुठं पळून चाललीत? आधी जुनी तर संपू द्या," असं ती म्हणायची. पुढचं एकट्यानं वाचायचं नाही, एवढाच दोघांत नियम.

या वर्षीची कादंबरी दोन भावांची होती. धाकटा भांडून घर सोडतो, इथवर ते आले होते. यशोधरा म्हणाली, "आता काय येत न्हाई तो." सहादेव म्हणाला, "येतोय बघ. थोरल्यावर लई जीव हाय त्याचा." दोघंही हट्टाला पेटले. त्याच आठवड्यात तिचं हृदय बंद पडलं.

पुण्यानुमोदनाच्या विधीला तिची पुस्तकं बुद्धविहाराच्या वाचनालयाला द्यायची ठरली. सहादेवनं स्वतःच्या हातानं कपाट रिकामं केलं. त्यात उशाजवळची ती अर्धवट राहिलेली कादंबरीही गेली. त्या दिवशी त्याला कशाचीच शुद्ध नव्हती.

मे लागला तसं त्याला दुपारी घरात बसवेना. तो ते पुस्तक मागायला विहारात गेला. वाचनालय सांभाळणारी प्रज्ञा म्हणाली, "काका, ते कारभारीकाकांनी नेलंय. मागून आणू का?"

"नको. मीच जातो."

कारभारी साखर कारखान्यातला त्याचा जुना जोडीदार. ओसरीवर पुस्तक घेऊनच बसला होता.

"ये, जयभीम! अरे, वहिनीचं पुस्तक लई भारी हाय. चार दिस झाले, आक्काबाईशी भांडन न्हाई."

"तोंड वर केलं तर भांडतील ना!" त्याची बायको आक्काबाई आतून म्हणाली.

"मला ते पुस्तक..." सहादेवनं सुरुवात केली. पण कारभारीला एखादी गोष्ट आवडली की ती अख्खी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"थोरला म्हातारा होतो बघ. रोज एस्टी स्टँडवर जाऊन बसतो..."

"कारभारी, थांब जरा."

तेवढ्यात आक्काबाईनं सहादेवच्या हातात चहा दिला.

"...पर धाकटा न्हाईच येत! शेवटपर्यंत न्हाई!"

म्हणजे यशोधरा जिंकली होती. तिनं महिनाभर तरी चिडवलं असतं, आल्यागेल्याला सांगितलं असतं. तिचं खरं निघालं, हे तिला आता कोण सांगणार? त्यानं कप खाली ठेवून डोळे पुसले.

"रडतो काय गड्या?" कारभारी घाबरला. "गोष्टच हाय ती. घे, घेऊन जा. निवांत वाच."

सहादेवनं पुस्तक मांडीवर उघडलं. थांबायचं तिथं यशोधरा पानाचा कोपरा दुमडायची. आता जागोजागी कोपरे दुमडलेले होते.

"तू बी दुमडतोस का?"

"व्हय. का रं?"

"यातला तिचा कुठला?"

कारभारीनं चष्मा लावला. पुस्तक जवळ ओढून तो एकेक पान उलटू लागला. बराच वेळ उलटत राहिला.